मालक की राखणदार?

गेल्या त्रिपुरारी पौर्णिमेस विठ्ठलापुरी वाळवंटीच्या काठी नौकांचा उत्सव पाहून परतताना चार स्नेही मंडळी आमच्या घरी चहापाण्यास थांबली. आत येताच सर्वांचे लक्ष माझ्या पुतण्याने भिंतीशी मांडलेल्या काचेच्या टाकीकडे गेले. निळसर प्रकाशात हिरवी, नारिंगी, जांभळी, केशरी कडांची शेकडो इवली फुले पाण्याच्या ओघाबरोबर डोलत होती. कोणी म्हणाले, ‘ही तर रांगोळीच!’ कोणी विचारले, ‘ही झाडे कोणत्या नर्सरीतून आणली?’ ही झाडे नसून प्राणी आहेत हे ऐकल्यावर मात्र मंडळीतील एक वयोवृद्ध गृहस्थ क्षणभर थबकले आणि म्हणाले, ‘भाऊ, शोभा सुंदर आहे यात शंका नाही. पण हे सारे जिवंत आहे ना? मग समुद्रातला जीव काचेत कोंडून आपण आपली खोली सजवावी, हे धर्मास धरून आहे काय?’

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र मला सुचले नाही. ‘मुलांचा छंद आहे झाले,’ असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. तथापि तो प्रश्न मनातून गेला नाही. छंद म्हटला की त्याचे नीतिशास्त्र सुटते असे थोडेच आहे? उलट, पोटासाठी माणूस जे करतो त्यास निदान गरजेचा आधार असतो. केवळ आनंदासाठी जे करतो त्याचा हिशेब अधिक काटेकोरपणे द्यावा लागतो. म्हणून त्या रात्री जे उत्तर राहून गेले, ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहे. वाचकांनी ते तपासून घ्यावे.

प्रथम हा जीव कोणता हे सांगितले पाहिजे. शास्त्रज्ञ यास ‘झोअँथिड’ म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘प्राणी’ आणि ‘फूल’ या अर्थाच्या दोन शब्दांवरून हे नाव आले असून ते यथार्थ आहे. सदऱ्याच्या गुंडीएवढी एक चकती, तिच्या मध्यभागी फटीसारखे तोंड, कडेला बारीक स्पर्शिकांची झालर आणि खाली मऊ देठ, असे याचे रूप असते. अशा एकेका फुलास पॉलिप म्हणतात. ही फुले सुटी नसतात; बहुतेकांची बुडे एकाच मांसल चटईने जोडलेली असतात आणि त्या चटईतूनच नवी फुले उगवतात. रीफ बांधणाऱ्या प्रवाळांप्रमाणे हा जीव चुन्याचा सांगाडा रचीत नाही, म्हणून त्याचे घर मऊ असते. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्ती करून राहते. शैवालाने उजेडातून अन्न तयार करावयाचे, त्यातला मोठा वाटा यजमानास द्यावयाचा, आणि यजमानाने त्यास आसरा द्यावयाचा, असा हा उभयतांचा संसार आहे. यामुळेच दिवा लागला की फुले उमलतात आणि मालवला की मिटतात.

आपल्या घरांत प्रवाळ म्हटले की अंगठीतले किंवा माळेतले पोवळे आठवते. ते तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीच्या लिव्होर्नो बंदरातून पोवळी गोव्यात येत आणि त्यांच्या मोबदल्यात येथून हिरे जात. या व्यापारात गोव्यातील हिंदू व्यापारी मोठे मध्यस्थ होते. म्हणजे प्रवाळाशी आपला परिचय जुना आहे. परंतु तो मेलेल्या प्रवाळाशी. मेलेले पोवळे मालकास काही मागत नाही. ते पेटीत ठेवावे, पिढ्यान् पिढ्या विसरून जावे, तरी त्याचा रंग तसाच. जिवंत प्रवाळाचे तसे नाही, आणि आपल्या प्रश्नाची खरी सुरुवात येथेच होते.

कारापूर समुद्रापासून आठ-दहा कोस आत. येथे समुद्र आणावयाचा म्हणजे तो घडवावा लागतो. माझ्या पुतण्याने सहा वर्षांपूर्वी टाकी मांडली तेव्हा मला वाटले, चार दिवसांत फुले दिसतील. त्याने कित्येक आठवडे नुसते पाणी आणि दगडच ठेवले. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम या मानाने समुद्री क्षारांचे मिश्रण विरघळवावयाचे, पंपाने ते पाणी अहोरात्र फिरते ठेवावयाचे, आणि दगडांच्या छिद्रांत जीवाणूंची वस्ती होण्याची वाट पाहावयाची. जीवांच्या मलातून व सडलेल्या अन्नातून अमोनिया हे विष तयार होते. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात, आणि तेव्हा कोठे पाणी राहण्याजोगे होते. डोळ्यांना न दिसणारे हे सेवक आधी स्थिर झाल्याखेरीज टाकीत जीव सोडणे म्हणजे त्यास मारणेच होय.

त्याने मला शिकविलेली आणखी एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. टाकीतील पाणी रोज थोडे आटते. एकदा तो परगावी असता मी मोठ्या तत्परतेने तूट भरून काढण्यास खारे पाणी ओतले. तो परतल्यावर हसून म्हणाला, ‘काका, वाफ होऊन पाणी जाते, मीठ जात नाही. तुम्ही खारे पाणी ओतत राहिलात तर समुद्र दिवसेंदिवस अधिक खारट होईल. तूट भरायची ती गोड्या पाण्याने.’ समुद्रास हे ज्ञान कोणी शिकवावे लागत नाही. नद्या आणि पाऊस हे काम सदैव करीत असतात. काचेतल्या समुद्रास मात्र माणसानेच नदी व्हावे लागते, माणसानेच पाऊस व्हावे लागते. पाण्याची उष्णता चोवीस ते सव्वीस अंशांच्या आसपास राखावी लागते, म्हणून उन्हाळ्यात पंखे लावून तोच वारा होतो. दिवा ठरल्या वेळी लावून तोच सूर्य होतो. इतकी रूपे ज्यास घ्यावी लागतात त्याने एक दिवस कंटाळून चालत नाही.

बागेची मांडणीही वाटते तितकी सोपी नाही. झोअँथिडांचे काही प्रकार झपाट्याने पसरतात, काही मंद वाढतात. दोन्ही शेजारी लावले तर वर्षभरात बलवान प्रकार दुबळ्यावर पसरतो, त्याचा उजेड अडवितो आणि त्यास झाकून टाकतो. म्हणून प्रत्येक रंगास वेगळा दगड द्यावा लागतो आणि दोहोंमध्ये वाळूचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. तीव्र उजेड मानवणारे वर, सावली मानवणारे खाली. ओघ असा की फुलांत केर साचू नये आणि ती सतत मिटूनही राहू नयेत. रंगीबेरंगी बाग पाहणाऱ्यास सहज जमल्यासारखी दिसते. परंतु तेथे कोणी कोणास गिळू नये म्हणून रोज पाहणारा एक डोळा जागा असतो.

आता मूळ शंकेकडे वळू. जीव कोंडणे हे पाप नव्हे काय? पिंजऱ्यातील पोपटाविषयी माझ्या मनात संदेह नाही. ज्यास आकाश दिले त्यास गज देणे हा अन्याय आहे. पण झोअँथिड उडत नाही, पोहत नाही, भटकत नाही. जेथे तो रुजला तेथेच त्याचा जन्म जातो. योग्य पाणी, उजेड आणि ओघ मिळाला तर दर्या कोणता आणि टाकी कोणती हे त्याच्या फुलण्यावरून सांगता येत नाही. पुष्कळ दिवस मी या युक्तिवादावर संतुष्ट होतो. पुढे मला कळून आले की जो युक्तिवाद आपल्यास इतका सोयीचा असतो त्याची परीक्षा दुप्पट करावी. बंधनाचा दोष येथे कमी असेल. परंतु दोष दोन ठिकाणी लपलेला असतो. हा जीव येथे कसा आला, हे एक. आणि उद्या त्याचे काय होणार, हे दुसरे. या दोहोंची साक्ष मला स्वतःच्याच घरात मिळाली.

पहिला अपराध माझाच. टाकीचे दुसरे वर्ष असेल. पुतण्या एखाद्या नव्या रंगाच्या चार फुलांसाठी पैसे साठवीत असे. मला ते विचित्र वाटे. हणजुण्याच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी असल्याच जातीच्या हिरव्या-तपकिरी चटया मी पाहिल्या होत्या. देवाच्या दर्यात जे फुकट आहे त्यास पैसे कशाला? एका अमावास्येच्या ओहोटीस मी तेथे गेलो, छिन्नीने खडकाचा एक कपचा काढला, दुधाच्या किटलीत समुद्राचे पाणी घेऊन तो त्यात ठेवला आणि म्हापशावरून बसने दुपारच्या उन्हात घरी आणला. मोठी भेट दिल्याच्या ऐटीत मी किटली पुतण्यापुढे ठेवली. त्याने आत पाहिले आणि काही बोलला नाही. कपचा त्याने टाकीत न ठेवता वेगळ्या बादलीत ठेवला, पंप लावला, दोन दिवस पाणी बदलले. चौथ्या दिवशी बादलीस दुर्गंधी सुटली. तेव्हा तो इतकेच म्हणाला, ‘काका, फुकट काही नव्हते. किंमत त्याने भरली.’

त्या वाक्याने मी खजील झालो. पुढे त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत २००१ साली रीफ बांधणारे अश्मप्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे इत्यादींचा समावेश झाला. ते समुद्रातून काढणे हा गुन्हा आहे. मी काढलेला मऊ जीव त्या सूचीत बसतो की नाही हा प्रश्न छिन्नी मारताना मी स्वतःस विचारलाही नव्हता. आणि वस्तुतः धर्माचा प्रश्न सूचीपाशी थांबत नाही. कायदा चोरी कशास म्हणावी ते सांगतो. परंतु ज्याच्या वाढीसाठी आपण काही केले नाही, ज्यास जगविण्याची आपली सिद्धता नाही, ते उचलणे यास अंतःकरणात दुसरे नाव सापडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक भीतिदायक होती. या कुळातील काही जीवांच्या अंगी ‘पॅलीटॉक्सिन’ नावाचे अत्यंत जहाल विष असते. हवाई बेटांतील माउई येथे हाना गावाजवळचे एक कुंड स्थानिक लोक निषिद्ध मानीत. त्यातील ‘मरणाचे शेवाळ’ भाल्याच्या टोकास लावले की जखम प्राणघातक होते अशी त्यांची परंपरागत समजूत होती. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा ते शेवाळ नसून झोअँथिडच निघाले, आणि मूर व शॉयर या संशोधकांनी १९७१ साली त्याचे विष वेगळे काढल्याचे प्रसिद्ध केले. घरच्या टाकीतील असा दगड उकळून किंवा कढत पाण्याने घासून धुताना उठलेल्या वाफेने कुटुंबेच्या कुटुंबे आजारी पडल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून जाणते लोक या जीवास हात लावताना हातमोजे व चष्मा घालतात, दगड कधीही उकळीत नाहीत, आणि घरातील मुलांस व मांजरा-कुत्र्यांस त्यापासून दूर ठेवतात. मी उघड्या हाताने छिन्नी चालविली आणि बचावलो, ही केवळ कृपा. आपल्या देवराईत कोयता न घालण्याचा जो दंडक आहे त्यामागे भय असो वा भक्ती, त्या भयातही एक शहाणपण आहे हे मला त्या दिवशी उमगले.

आता दुसरी साक्ष. घरी प्रवाळ पाळण्याचा इतिहास चाळताना एक प्रसंग वाचण्यात आला. १८४६ साली ॲना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्की येथील किनाऱ्यावरचे प्रवाळ लंडनमधील आपल्या घरी आणून जिवंत राखले. त्या काळी वीज नाही, पंप नाही. पाण्यात हवा खेळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. बाईंचे नाव ग्रंथांत राहिले. त्या मोलकरणीचे नाव मी कोठे वाचले नाही. पुढे १९६१ साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, जकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत दगडांच्या आणि हवेच्या बुडबुड्यांच्या साह्याने प्रवाळ कसे राखावेत याची माहिती प्रसिद्ध केली. तेव्हापासून हा छंद वाढत गेला आणि यंत्रे आली. तथापि त्या मोलकरणीचे काम संपले असे समजू नये.

एका आषाढात वादळाने झाड पडून आमच्या भागातील वीज संध्याकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. पुतण्या पणजीस अडकला होता. बॅटरीवरचा छोटा पंप दोन तासांत थंडावला. मी काय करावे या विचारात कंदील घेऊन उभा होतो, तोच माझ्या वहिनी स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आल्या आणि टाकीतले पाणी भरून हातभर उंचीवरून पुन्हा टाकीतच सोडू लागल्या. मी म्हटले, ‘वहिनी, पहाटेपर्यंत हे कसे जमेल? आणि तुम्हांस तर हे लोढणेच वाटते ना?’ त्या म्हणाल्या, ‘लोढणेच आहे, भावोजी. पण दारात आलेले आहे.’ आम्ही आळीपाळीने तांब्या घेतला. तरी रात्रीचा मोठा वाटा त्यांचाच झाला. सकाळी मासे तळाशी धापा टाकीत होते, पण जिवंत होते. दुपारी दिवे लागल्यावर एकेक फूल उमलले. पुतण्याने येऊन आनंदाने टाकीकडे पाहिले. मी मात्र वहिनींच्या सुजलेल्या मनगटाकडे पाहत होतो.

वाचकहो, आनंद एकाचा आणि मनगट दुसऱ्याचे, अशी वाटणी किती घरांत असते! देव्हाऱ्यातील समई एकाच्या नावाची आणि वाती वळणारे हात निराळे. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला की टाकीचे ज्ञान सर्वांस असावे, परंतु तिचा भार ज्याने ती मांडली त्याने उचलावा. आणि त्यास परगावी जावयाचे असेल तर त्याने आधी विनंती करावी, गृहीत धरू नये. छंदाची पहिली परीक्षा फुलांच्या रंगावर नसून घरातील इतर माणसांच्या झोपेवर आहे, असे माझे मत झाले आहे.

इतके करूनही नाश टळला नाही. दोन वर्षांपूर्वी वैशाखात आम्ही सर्व कुटुंबीय चार दिवस पंढरपुरास गेलो. घरास कुलूप होते. शेजाऱ्यांस किल्ली देण्याचे ऐन वेळी राहून गेले; ही चूक सर्वस्वी आमची. दुसऱ्याच दिवशी केव्हातरी टाकीच्या जोडणीचे एक बटण आपोआप खाली पडले असावे. पंप थांबला, पंखे थांबले, दिवे थांबले. परतून दार उघडले तो सडक्या मासळीचा दर्प आला. पाणी दुधाळ झाले होते. ज्या चटया चार वर्षे वाढविल्या त्या करड्या लगद्यासारख्या दगडांवरून ओघळत होत्या. पुतण्याने हातमोजे चढविले, खिडक्या उघडल्या आणि एक शब्द न बोलता सारे स्वच्छ केले. त्या संध्याकाळी कोणी जेवले नाही. मला वाटले, त्या वृद्ध गृहस्थांनी पुढे जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर नियतीनेच दिले होते: ज्यास तुम्ही समुद्र होऊ शकत नाही, त्यास समुद्रापासून तोडू नका.

पण गोष्ट तेथे संपली नाही. झोअँथिडाची एक रीत अशी की त्याच्या चटईचा दोन-चार फुलांचा तुकडा धारदार पात्याने कापून दुसऱ्या दगडास चिकटविला तर तो तेथे रुजतो आणि नवी वसाहत होते. मूळ वसाहतीची जखमही भरून येते. आपल्याकडे शेजारणी अबोलीची फांदी किंवा तुळशीचे रोप एकमेकींस देतात, तसेच हे. माझ्या पुतण्याने अशी कलमे अनेकांस दिली होती. काही थोड्या पैशांत, बहुतेक तशीच. त्यातले एक फोंड्याकडील एका शिक्षकांकडे गेले होते. बातमी कळताच पुढच्या महिन्यात ते शिक्षक एका पिशवीत पाणी आणि त्यात एक छोटा दगड घेऊन आमच्या दारी आले. दगडावर केशरी कडेची बारा फुले होती. ‘तुम्ही मला तीन दिली होती,’ ते म्हणाले, ‘माझ्याकडे आता पुष्कळ झाली. ही तुमचीच.’

परवाच्या पौर्णिमेस मंडळींनी जी केशरी फुले पाहून वाहवा केली ती हीच. चार वर्षे जे आपले म्हणून राखले ते सारे गेले होते. जे दुसऱ्यास देऊन टाकले तेवढेच उरले होते. या एका घटनेने माझ्या मनातील मालकीची कल्पना मुळापासून हलली. आपण समजतो की हातातून सुटले म्हणजे गेले. जिवंत वस्तूंच्या बाबतीत याच्या उलट आहे. विद्या, बियाणे, भाषा, घराण्यातील ओव्या, यांपैकी एकही मुठीत धरून टिकत नाही. ती एका घरातून दुसऱ्या घरात गेली तरच काळाच्या तडाख्यातून वाचतात.

आपल्या भूमीस हा धडा नवा नाही. मोठ्या गोष्टीचा लहान गोष्टीस दाखला देतो याची क्षमा असावी. परंतु आपल्याच डिचोली तालुक्यातील नार्व्याचा श्रीसप्तकोटेश्वर मुळात दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात तेथील देवालय उद्ध्वस्त झाले तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार आणून परक्या गावाच्या स्वाधीन केले, आणि त्या गावाने ते आपले मानून सांभाळले. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. ज्यांनी देव दिला त्यांनी तो गमावला नाही. ज्यांनी घेतला ते मालक झाले नाहीत. आपल्या खेड्यांत यास एक नेमका शब्द आहे: राखणदार. गावाचा राखणदार गावाचा धनी नसतो. तो शिवेवर उभा राहतो, रात्री फिरतो, चुकलेल्यास वाट दाखवितो असे आपण मानतो. गाव त्याचे नसून तो गावाचा असतो. मला वाटते, जिवंत वस्तूशी माणसाचे उचित नाते हेच होय.

येथे आणखी एक शंका येईल. या छंदात पैसा जातो. तोच सत्कार्यास का लावू नये? शंका रास्त आहे. बाजारात एकेका रंगास भपकेदार नावे देऊन फुलांच्या संख्येवर किंमत सांगतात. आणि माणूस एकदा नावांच्या नादी लागला की फुलांकडे पाहणे सोडून यादीकडे पाहू लागतो. अपरिग्रहाचा विसर पडण्यास सोन्याचीच आवश्यकता असते असे नाही. रंगीत चिखलाचाही संग्रह होऊ शकतो. ज्या दिवशी ‘हे माझ्याजवळ आहे’ या सुखापेक्षा ‘हे फक्त माझ्याजवळ आहे’ हे सुख गोड वाटू लागते, त्या दिवशी राखणदाराचा मालक होतो. तो दिवस ओळखावा आणि तेथे थांबावे. पैशाची मर्यादा ज्याची त्याने घरच्या गरजा भागवून ठरवावी. याहून अधिक उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

काही लोक असेही म्हणतात की समुद्र तापत आहे, प्रवाळ मरत आहेत, तेव्हा टाकीत ते राखणे ही सेवाच आहे. समुद्र तापत आहे हे खरे. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ताप टिकला तर उपासमारीने मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हे संकट आले. आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर पसरलेले असे चौथे संकट जाहीर केले. पण आमच्या टाकीतील बारा फुलांनी समुद्र वाचेल असे म्हणणे म्हणजे आपल्या करमणुकीस परोपकाराचे वस्त्र नेसविणे होय. टाकी समुद्र वाचवीत नाही. ती फार तर एका घरास समुद्राचे दुःख समजावून सांगते. पाण्याचा ताप चार अंशांनी वाढताच काय होते हे आमच्या घरातील लहान मुलासही आता ठाऊक आहे, कारण त्याने तो दर्प घेतला आहे.

आणि जो समुद्र खरा, त्याचे राखण आपल्या उंबऱ्यापासूनच सुरू होते. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ साली घोषित झाले, आणि आपल्या मुरगावजवळील ग्रांद बेटाभोवती प्रवाळ आहेत. तेथे पोचणारे पाणी कोणाचे? वाळवंटी मांडवीस मिळते आणि मांडवी समुद्रास. खाणींची तांबडी माती पावसाळ्यात ओहोळांतून उतरताना आपण डोळ्यांनी पाहिली आहे. उत्सवानंतर घाटावर राहणारे प्लास्टिकही पाहतो. प्रवाळास उजेड लागतो. गढूळ पाणी तो उजेडच हिरावते. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीतील महासीर माशांस देवीचे मासे मानून कोणी पकडीत नाही; सत्तरीत बांबर येथे निरंकाराच्या राईतील झाडास कोणी हात लावीत नाही. पाण्याचा एक डोह, रानाचा एक तुकडा ‘हा आमचा नव्हे’ असे म्हणून आपल्या पूर्वजांनी राखला. जे आपले नव्हे तेच अधिक जपावयाचे, हे शास्त्र त्यांना टाकीवाचून कळले होते.

तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांस माझे उत्तर असे आहे. काचेत जीव राखणे सर्वथा अधर्म आहे असे मला वाटत नाही. पण तो सहजधर्म नव्हे, ते व्रत आहे, आणि ज्यास व्रत पाळणे शक्य नाही त्याने संकल्प सोडू नये. समुद्रातून तोडून आणू नये. दुसऱ्याच्या घरी वाढलेले कलमच घ्यावे. घेण्यापूर्वी त्याचा समुद्र होण्याची तयारी करावी, आणि तो भार परस्पर दुसऱ्याच्या मनगटावर टाकू नये. आणि जे वाढेल त्यातले दरवर्षी कोणास तरी द्यावे. कारण आपल्या हातून चूक होणारच आहे, आणि त्या वेळी आपण दिलेलेच आपल्या दारी परत येणार आहे.

हे उत्तर त्यांना पटेल की नाही ते मी सांगू शकत नाही. गेल्या एकादशीस ते पुन्हा आले होते. बराच वेळ टाकीपुढे बसले. निघताना पुतण्यास म्हणाले, ‘माझ्या नातीला यातले एक फूल देशील काय?’ पुतण्याने उत्तर दिले, ‘देईन, आजोबा, पण आधी तिने दोन महिने नुसते पाणी सांभाळून दाखवावे.’ म्हातारबुवा हसले. त्यांच्या घरी सध्या एक रिकामी टाकी आहे, आणि तिच्यात रोज सकाळी एक मुलगी आटलेल्या पाण्याची तूट गोड्या पाण्याने भरून काढीत असते.